ठेका कुणाच्या हातात?

(दौलताबाद येथे मुली आणि कार्यकर्त्या यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मला बोलायची सवय नाही, वाजवायची आहे. स्टेजवर मी नेहमी मागच्या रांगेत बसते, पुढे गाणारी असते. आज तुम्ही मला पुढे उभं केलंत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला बोलावलंय ते एका भांडणाचा निवाडा करायला. इथल्या मुलींच्या गटाने वर्षभर गाण्याचे कार्यक्रम करून थोडे पैसे साठवलेत. आता त्यांना ठेका तयार करायचं यंत्र घ्यायचंय. त्या त्याला बीट म्हणतात, मी ठेका म्हणते, वस्तू एकच. निम्म्या म्हणतात पॅडचं यंत्र घेऊ, म्हणजे सॅम्पलर. निम्म्या म्हणतात लॅपटॉपला जोडायचा कीबोर्ड घेऊ. दोन्ही बाजूंकडे पुरावा म्हणून मोबाइलवरचे व्हिडिओ आहेत. त्यातले सात-आठ मला दाखवले, सगळ्यांत समजावून सांगणारा पुरुषच होता. असो. ताईंना वाटलं की ही बाजारहाटाची गोष्ट आहे, पाच मिनिटांत मिटेल. मला तसं वाटत नाही, म्हणून थोडी लांबून सुरुवात करते.

आपण देवगिरीच्या पायथ्याशी बसलोय. काल मी किल्ला चढून आले. गाईडने मेंढा तोफ दाखवली, अंधारी दाखवली, चांद मिनार दाखवला. शार्ङ्गदेवाचं नाव काही त्याने घेतलं नाही. तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या दरबारात हा माणूस हिशेबाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. आजोबा काश्मीरहून इकडे आलेले. देवगिरीच्या राज्यात त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्याय, त्यातला पाचवा तालाचा आणि सहावा वाद्यांचा. वाद्यांचे चार वर्ग: तारांची ती तत, फुंकायची ती सुषिर, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध आणि टाळ-घंटेसारखी ती घन.

आता हे माझं पॅड बघा. वर रबर, आत ना पोकळी ना शाई, खाली तारा आणि चिप. मारलं तर नुसतं टप्प. ते चारांतल्या कुठल्या वर्गात घालाल? मला यात एक मौज वाटते. ज्या वाद्याला जुन्या पोथीत खाना नाही, त्याला कुणी शिवावं, कुठल्या जातीने वाजवावं, बाईने कुठल्या दिवसांत लांब राहावं, असले नियमही नसायला हवेत. चामडं नाही, तर विटाळ कशाचा? पण नियम असतात. ते माझ्याच अनुभवावरून सांगते.

माझं माहेर औरंगाबाद शहरातलं, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. माझा थोरला भाऊ बेंजो पार्टीत होता. तुम्ही मिरवणुकीत पाहिलेलंच आहे: टेम्पोवर बेंजो, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं ते बुलबुलतरंग, शेजारी कॅसिओ, शेजारी ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशे. पट्ट्या आणि पॅड यांचं तुमचं हे भांडण आमच्या वस्तीत टेम्पोवर मांडीला मांडी लावून बसलेलं होतं. १४ एप्रिलला बायका टेम्पोच्या मागे जीव तोडून नाचायच्या. टेम्पोवर मात्र एकही बाई चढायची नाही. चढू नका असं कुणी म्हणत नव्हतं, तशी वेळच येत नव्हती.

भाऊ दिवसा कंपनीत जायचा. पॅड घरात. मी हेडफोन लावून त्यावर वाजवायचे. ढोलकी शिकायची म्हटली तर पहिल्या थापेला सगळ्या आळीला कळतं, आणि शिकताना तर थाप वाकडीच पडते. पॅडला हेडफोन लावला की बाहेर फक्त टपटप. आईला पुष्कळ दिवस वाटत होतं की मी शेंगा फोडतेय. चोरून शिकायची सोय, हा पॅडचा पहिला गुण. तो कुठल्याही व्हिडिओत सांगितलेला नाही.

पुढे भावाचा हात मोडला आणि घेतलेली सुपारी परत करता येईना, तेव्हा मी बसले. कार्यक्रम नीट झाला. पैसे देताना आयोजकाने निम्मे हातावर ठेवले. म्हणाला, “मशीनच वाजवतंय की सगळं, तू नुसती दाबतेस.” तेच मशीन भाऊ पाच वर्षं वाजवत होता, त्याला हे कुणी कधी म्हणालं नव्हतं. मी काही बोलले नाही. आज बोलले असते.

आता आपल्या चळवळीकडे येते. आपण गाण्यावर केवढं काम केलंय! १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आलं आणि मग गावोगाव पथनाट्यं, गाणी, कलापथकं. मीही अशा एका गटात होते. आम्ही आठ बायका गायचो. ढोलकीवर कोण? कुणाचा तरी भाऊ, नाहीतर कुणाचा नवरा. तो आला नाही तर कार्यक्रम टाळ्यांवर. आणि आला की लय तो ठरवणार. आमचा एक ढोलकीवाला होता, माणूस भला, पण हात लावणीत मुरलेला. दारूपायी मेलेल्या बाईचं गाणं सुरू केलं तरी दुसऱ्या कडव्यापासून त्याची लग्गी सुरू. आमचे शब्द रडताहेत आणि ढोलकी डोळा मारतेय. त्याला सांगायची हिंमत आमच्यात नव्हती, कारण तो रुसला तर दुसरा आणायचा कुठून? शब्द आमचे, चाल आमची, पण कधी सुरू करायचं, किती पळायचं आणि कुठे थांबायचं हे त्याच्या हातात. बायका ताल धरूच शकत नाहीत असं नाही हो. आराधिणींच्या मेळ्यात संबळ वाजवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री तर एकट्याने तबल्याच्या मैफिली करत. पण आमच्या गटात ती शिकवण कुणाला मिळाली नव्हती. या मुलींना आज यंत्र हवंय ते या जागेसाठी, असं मी धरून चालते.

तर आता यंत्रं.

कीबोर्ड कंट्रोलर दिसतो पेटीसारखा. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, पंचवीस, एकोणपन्नास नाहीतर एकसष्ट. पण त्याच्या पोटात आवाज नाही. भात्याविना पेटी म्हणा. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला आकडे पाठवतो: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. जोर शून्य ते एकशे सत्तावीस या मापात. ही आकड्यांची भाषा १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून ठरवली, तिला मिडी म्हणतात, आजही तीच चालते. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. लॅपटॉप जुना असला की बोट आता पडतं आणि आवाज जरा नंतर येतो. सेकंदाचा पन्नासावा हिस्सा म्हटलं तर काहीच नाही, पण ठेका धरणाऱ्याला तो खड्यासारखा टोचतो. सेटिंग करून हे कमी होतं, पण ते करायला कुणीतरी माहीतगार लागतो.

सॅम्पलर वेगळा. त्याच्यात तुम्ही बाहेरचा आवाज भरता, हवा तेवढा तुकडा कापता, एकेका पॅडवर ठेवता आणि वाजवता. ते सगळं त्या खोक्यातच होतं. रॉजर लिन नावाच्या माणसाने अकाई कंपनीसाठी एमपीसी केलं, १९८८ साली, सोळा पॅड, चार ओळींत चार. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांनी त्यावर जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून आपलं संगीत उभं केलं. मिरवणुकीतल्या ऑक्टोपॅडशी याची गल्लत करू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं ते रोलँडचं १९९८ चं एसपीडी-२०. त्यात सातशे आवाज कंपनीने भरून दिलेले, आपला एकही भरता येत नसे. मी इतकी वर्षं जपान्यांनी भरलेला तबला वाजवला! आणि हेही खरं की पट्टीच्या वाद्यात आवाज भरताच येत नाही असं नाही. ऐंशीच्या दशकात कॅसिओने एक छोटा कीबोर्ड काढला होता, त्यात सेकंद-दीड सेकंदाचा आवाज भरता यायचा. पोरं त्यात कुत्र्याचं भुंकणं भरून सारेगम वाजवायची.

काल जेवणानंतर मी दोन्ही बाजूंच्या मुलींना एकच प्रश्न विचारला. लॅपटॉप कुणाचा? पहिल्यांदा सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, दादाचा. दुसरी म्हणाली, कॉलेजचा, प्रोजेक्टपुरता मिळतो. तिसरी म्हणाली, संस्थेच्या ऑफिसात आहे, पण सहाला कुलूप लागतं आणि पासवर्ड सरांकडे असतो. दादाचा लॅपटॉप रात्री नऊनंतर मिळतो, तोही त्याचा मूड असेल तर, आणि त्यात काय ठेवलंय हे तो उघडून बघतो. बायांनो, दहा हजारांच्या आसपासचा कीबोर्ड घ्याल, पण तो चालू करायची किल्ली दादाच्या खिशात. ढोलकीवाल्याच्या जागी दादा आला, एवढाच फरक. मी पॅडच्या बाजूने झुकते ती मुख्यतः या एका कारणाने. बॅटरीवर चालणारं, स्वतः आवाज करणारं खोकं मुलीच्या दप्तरात राहतं. वीज गेली तरी चालतं. इथे ती किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक.

दुसरं कारण सांगण्यापेक्षा काल काय झालं ते सांगते. माझ्याजवळ एक लहान सॅम्पलर आहे, कॅल्क्युलेटरएवढा, उघडी पाटी, सोळा बटणं. एका स्वीडिश कंपनीने २०१८ साली काढला. दोन बारीक सेल घातले की चालतो, आतच माइक आहे, एकूण चाळीस सेकंदांचा आवाज मावतो. तो घेऊन आम्ही इथल्याच एका आजींकडे गेलो. त्यांच्याकडे जातं आहे, अजून डाळ भरडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. मुलींच्या डोक्यात ते होतं. त्यांना जात्याचा आवाज हवा होता, म्हणजे घरघर आणि प्रत्येक फेऱ्याला बांगड्यांची किणकिण. मुलींनी ठेक्याची सम त्या किणकिणीवर धरायची ठरवली होती.

आजी बसल्या, खुंटा धरला, फिरवू लागल्या. घरघर आली. किणकिण आलीच नाही. आजींच्या हातात बांगड्या नव्हत्या.

मुलींच्या ते आधी लक्षातच आलं नव्हतं. एक म्हणाली, मी माझ्या बांगड्या जवळ धरून वाजवू का? आजी म्हणाल्या, “कशाला गं खोटं? तीस वर्षं झाली.” मग नीट कान दिल्यावर ऐकू आलं की जात्याचा खुंटा जरा सैल आहे आणि फेरा पुरा होताना एका जागी खट्ट करतो. ते खट्ट आम्ही घेतलं. सम त्याच्यावर ठेवली. आज सकाळी तुम्ही जो ठेका ऐकलात आणि विचारलंत की हे कुठलं वाद्य, तो हा. सातशे तयार आवाजांच्या यंत्रात बांगड्या मिळाल्या असत्या, मंजुळ. हे खट्ट मिळालं नसतं.

आणखी एक. आजींनी मधे दोन ओव्या म्हटल्या, त्याही यंत्रात आल्या. मुलींना त्यावर लगेच ठेका चढवायचा होता. मी थांबवलं. आधी त्यांना ऐकवा, विचारा, नाव घालायचं का ते विचारा. त्यांनी ऐकलं, हसल्या आणि म्हणाल्या, जात्याचा आवाज घ्या, ओवी नको, ती लेकीची आहे. ती काढून टाकली. यंत्र सोपं झालं की दुसऱ्याचं उचलणंही सोपं होतं. आपलं उचललं गेल्याचा राग आपल्याला आहे, मग आपणही जपून. शिवाय ओवीला असा मोजलेला ताल नसतोच. जात्याचा फेरा जड झाला की ती लांबते. तिला खान्यांत बसवायचा हट्ट मला पटत नाही.

खान्यांवरून आठवलं. या लहान यंत्रांत एका आवर्तनाला सोळा खाने असतात. केरवा आठ मात्रांचा, चपखल बसतो. दादरा सहाचा, तो बसत नाही, आणि आपली निम्मी गाणी दादऱ्यात. उपाय असा की सोळाच्या तीन पट्ट्या जोडायच्या, अठ्ठेचाळीस खाने होतात, त्यात दादऱ्याची आठ आवर्तनं पुरी बसतात. वहीत चौकटी आखून करा, जमेल. शिवाय बरीचशी यंत्रं तुमची थाप ओढून नेमक्या खान्यात बसवतात. शिकताना ते बरं वाटतं. नंतर ते बंद करा. हलगीची थाप जरा आधी पडते म्हणूनच अंगावर येते, ती सरळ केली की निवते.

आता कीबोर्डवाल्यांची बाजू. ती कच्ची नाही. त्यांच्यातली एक मुलगी आजोळी भजनी मंडळात पेटी शिकलीय. तिचं म्हणणं, मला काळी चार माहीत आहे, ही रबराची चौकोनं मला काय सांगणार? बरोबर आहे. पॅडवर सूर काढता येतो, पण सोळा चौकोनांत सारेगम शोधणं म्हणजे अनोळखी घरात मिठाचा डबा शोधणं. चाल बांधायची, गाणाऱ्या मुलीला सूर द्यायचा, तर पट्ट्याच पाहिजेत. लॅपटॉपवर आवाज साठवायला जागा भरपूर, फुकटची सॉफ्टवेअरं आहेत, पडद्यावर सगळं दिसतं, चूक पुसता येते. माझ्या त्या कॅल्क्युलेटरला जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. जोर ओळखणारे, चांगले पॅड असलेले सॅम्पलर घ्यायचे तर कीबोर्डच्या चार-पाच पट पैसे मोजा. तेवढे तुमच्या डब्यात नाहीत. दोन्हींची सोय असलेला तुकडाही मिळतो, पंचवीस बारक्या पट्ट्या आणि बाजूला आठ पॅड, स्वस्तही आहे. मुलींना काल तो फार आवडला. पण तोही लॅपटॉपवाचून मुका.

कुणी म्हणेल, बाईच्या हातात यंत्र दिलं की ती बिघडवते. त्यांना डेलिया डर्बिशायरचं नाव सांगा. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या ध्वनिविभागात ती होती. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत तिने उभं केलं, तेही सॅम्पलर जन्मायच्या आधी. आवाज टेपवर घ्यायचे, पट्टी कात्रीने कापायची, तुकडे चिकटवायचे. दिव्याच्या एका पत्र्याच्या टोपणाचा आवाज तिचा फार आवडता होता. म्हणजे आपलं ताट-वाटीचंच शास्त्र. त्या संगीतावर नाव लागलं ते चाल लिहिणाऱ्या पुरुषाचं. त्याला स्वतःला तिचंही नाव हवं होतं, पण नियमात बसत नव्हतं. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ साली, ती वारल्यानंतर बारा वर्षांनी.

आणि यंत्राशिवाय काही होत नाही असंही समजू नका. आपल्या शहरातल्या कडूबाई खरात नुसत्या एकतारीवर भीमगीतं गातात आणि ती मोबाइलवरून घरोघर पोचली. ठेका लागतोच असं नाही. लागत असेल तर तो आपला असावा, एवढंच माझं म्हणणं.

तर माझं मत असं. आत्ता लहान, बॅटरीचं, माइकवालं पॅड-यंत्र घ्या. उरलेले पैसे राखून ठेवा. संस्थेच्या ताई इथे बसल्यात, त्यांच्या समोरच म्हणते: ऑफिसातल्या लॅपटॉपचा पासवर्ड मुलींच्या गटाकडे द्या, एक किल्लीही द्या. ज्या दिवशी ती किल्ली मिळेल, त्या दिवशी कीबोर्ड घ्यायला मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. पेटीवाल्या मुलीला हे मान्य नाही. ती म्हणते, तोवर मी काय नुसती टाळ्या वाजवू? तिचा राग मला समजतो. तोवर भजनी मंडळाची पेटी आणता येईल का, हे तुम्ही बघा. यंत्र कुणाच्या घरी राहणार, सेल कोण भरणार, लग्न होऊन मुलगी गेली तर ते कुणाकडे जाणार, हेही आजच कागदावर लिहा. आमच्या गटाची ढोलकी अशीच एका सासरी गेली, ती गेलीच.

माझं मोठं पॅड मी तिथे खिडकीपाशी मांडून ठेवलंय. चहा येईपर्यंत ज्यांना हात लावून बघायचाय त्यांनी या. हेडफोन एकच आहे, रांग लावा. आजी, तुम्ही आधी.